ड्रोन पायलटचं सर्टिफिकेट काढलं, पैसे वसूल झाले का?

गेल्या दोन महिन्यात किमान दहा जणांनी हाच प्रश्न विचारलाय, भावा तू तो ड्रोनचा कोर्स केलास ना, करावा का, किती गेले, खरंच शिकवतात का नुसता कागद हातात देतात. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबणार आहे, आधीच सांगतो.

माझा फोटोचा धंदा, उंब्रजच्या अलीकडं हायवेला लागून छोटा स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, शाळेचं गॅदरिंग, पडेल ते काम. ड्रोन पहिल्यांदा घेतला तो लग्नासाठी नाही तर बैलगाड्यांसाठी. डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली आणि आमच्या भागात मैदानांचा नुसता धडाका सुरू झाला, वरून घेतलेला शॉट नसेल तर मैदानाचा व्हिडिओ कोण बघतच नाही. तेव्हापासून उडवतोय. शिकलो कसा, तर पडून पडून.

सगळ्यात मोठी पडझड मसूरच्या बाजूला झाली. लग्नाची वरात शूट करत होतो, बॅटरी संपत आली तसा ड्रोन स्वतःहून परत यायला लागला, आणि परत येतानाची उंची मी कधी बघितलीच नव्हती, पहिल्या दिवशी होती तीच तीस मीटर. मधे निलगिरीची रांग होती ती तीस मीटरच्या वर. शेंड्याला घासला आणि खाली आडसाली उसात. आडसाली ऊस म्हणजे ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल, आत शिरलं की आभाळ पण दिसत नाही. रिमोटवरून बीप वाजवत मी आणि माझा पोरगा दोन तास त्या फडात, पात्यांनी हात चिरून निघाले, शेताचे मालक अण्णा बांधावर उभे राहून म्हणतायत, "सापडला तर बगा, नाय तर तोडीला सापडलंच की." सापडला, एक हात तुटलेला. बारा हजार गेले आणि नवरीकडच्यांनी वरातीचं फुटेज का नाही म्हणून दोन हजार कापले ते वेगळे.

तरी मी कोर्स त्यामुळं नाही केला. केला तो एका कामामुळं. रस्त्याच्या कामाचा एक ठेकेदार, त्याच्या सुपरवायझरनं मला विचारलं की दर महिन्याला कामाची प्रगती वरून शूट करून द्यायची, अकरा महिने, पैसे बरे. मी लगेच हो म्हणलो. मग त्यांच्या ऑफिसमधून मेल आला, पायलट सर्टिफिकेटची कॉपी, ड्रोनचा यूआयएन नंबर म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर, इन्शुरन्स पाठवा. माझ्याकडं तिन्ही नाही. मी म्हणलं साहेब चार वर्षं उडवतोय, हे बघा माझं पेज. ते म्हणले पेज आम्हाला फाइलला लावता येत नाही. विषय संपला.

मग डोकं चालवून नियम वाचायला बसलो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्रोनचे नवीन नियम आले, ते त्याच्या आधीच्यापेक्षा बरेच सोपे आहेत हे खरं. वजनावरून गट आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, त्याच्या पुढं मीडियम आणि लार्ज, ते आपल्या कामाचे नाहीत. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवत असाल तरी लागत नाही, पण पैसे घेऊन उडवला की लागतं. म्हणजे तोच ड्रोन, तेच शेत, तोच मी, भाच्याच्या वाढदिवसाला उडवला तर हौस आणि पाव्हण्यानं पाकीट हातात दिलं की धंदा. आपल्याकडचे निम्मे लग्नवाले या पाकिटाच्या पलीकडं आहेत आणि त्यांना पत्ता नाही. दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो.

आता कोर्सवर येतो. जागा पुणे जिल्ह्यात, माझ्यापासून गाडीवर तीन तास. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं तक्रारी आहेत, आणि मला वाटतं त्या तक्रारी कुठल्याही एका जागेच्या नाहीत. पाच दिवस, फी ३८ हजार, राहणं जेवण धरून. पात्रता म्हणजे वय १८ ते ६५ आणि दहावी पास. आधी पासपोर्ट मागायचे त्यामुळं बरीच पोरं अडायची, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ते काढून टाकलं, आता मतदान कार्ड, रेशन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. आमच्या बॅचला जतचा एक पोरगा होता, त्यानं खरंच रेशन कार्ड आणलं होतं, पार चार घड्या पडलेलं, ऑफिसमधल्या मॅडम ते स्कॅनरवर हळूहळू उलगडत होत्या.

बारा जण होतो. तासगावचे दोघं भाऊ द्राक्षबागेला फवारणी सुरू करायची म्हणून आलेले. जतचा पोरगा नोकरीसाठी. दोघं सर्व्हेवाले. कॅमेऱ्याचा मी एकटा. आणि खटाव तालुक्यातल्या बचत गटाच्या एक ताई, त्या ड्रोन दीदीच्या, म्हणजे बचत गटाच्या बायकांसाठीच्या सरकारी योजनेतून आलेल्या. त्या योजनेत ट्रेनिंग पंधरा दिवसांचं असतं, पहिले पाच दिवस पायलटचं आणि पुढचे दहा फवारणीचं, तर पहिले पाच दिवस त्या आमच्याबरोबर.

पहिले दोन दिवस वर्गात. इथं माझी अपेक्षा अशी होती की झोप येईल. नियमांचा भाग तसाच होता, सर पीपीटी वाचून दाखवत होते. पण हवामानाचा तास लय भारी झाला. वारा जमिनीजवळ आणि शंभर मीटरवर सारखा नसतो हे मला कळत होतं पण का ते कोणी सांगितलं नव्हतं. मी चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर प्री-वेडिंगला जातो, खाली नवरीची ओढणी पण हलत नाही आणि वर ड्रोन बोंबलतोय हाय विंड हाय विंड. सरांनी फळ्यावर दरी काढली, पठार काढलं, वारा कड्याला धडकून वर कसा उसळतो ते दाखवलं आणि म्हणले कड्याच्या काठावरनं ड्रोन दरीत घालताना तो खाली दाबला पण जाऊ शकतो. सज्जनगडावर माझा ड्रोन एकदा असाच दहा मीटर खाली गेला होता, मी रिमोट खराब म्हणून दुकानात नेला होता!

बॅटरीचा तास पण कामाचा. लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, ठेवायचा असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायचा. मी लग्नसराई संपली की तिन्ही बॅटऱ्या फुल चार्ज करून कपाटात ठेवायचो, पावसाळाभर, का तर तयार असाव्यात. दिवाळीत काढल्या की पोट सुटलेल्या. फुगलेली बॅटरी मी दाबून बसवून उडवलेली आहे हे वर्गात कबूल केलं तेव्हा सरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

नकाशाचा भाग सगळ्यांनी नीट ऐकावा असा आहे. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनच्या वेबसाइटवर नकाशा असतो, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात १२० मीटरपर्यंत म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट होते. पिवळ्यात तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लालमध्ये केंद्र सरकारची, म्हणजे लग्नवाल्यांनी विसरून जा. आणि हे रंग नॅनोला पण लागू, "माझा छोटा आहे" हे चालत नाही.

आमच्याकडं हे कुठं येतं, तर सांगलीची पार्टी कोल्हापूरला लग्न करते आणि लॉन घेतात उजळाईवाडीच्या बाजूला, विमानतळाच्या अंगावर. कराडचं काम असलं की मी आता आधी नकाशा उघडतो कारण विजयनगरला धावपट्टी आहे. कोयनेला धरणाच्या आसपास तर ड्रोन बॅगेतून काढू पण नका. कास, चांदोली, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, हे आभाळापेक्षा खालच्या जमिनीचं म्हणजे जंगल खात्याचं प्रकरण आहे, त्यांची परवानगी वेगळी.

आणि एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखाद्या भागात ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन लावू शकतो. म्हणजे काल हिरवं होतं म्हणून आज हिरवं असेल असं नाही. जत्रा, मंत्र्याचा दौरा, दंगलीचं वातावरण, काही पण कारण असू शकतं. मला लगेच पालची यात्रा आठवली. दोन वर्षांपूर्वी पालच्या खंडोबाच्या लग्नाला मी गर्दीच्या वर उडवला होता, नकाशा बिकाशा काही बघितला नाही, खाली लाखभर माणूस आणि वर भंडाऱ्याचा ढग. शॉट नाद खुळा आला, तारळी नदीचं वाळवंट पिवळंधमक. पण खाली उतरवला तेव्हा ड्रोन पण पिवळाधमक, हळद मोटारींच्या आत, कॅमेऱ्याच्या गिंबलच्या सांध्यात, पंखे हातानं फिरवले की कर्रकर्र वाजायला लागले. बायकोच्या जुन्या मेकअप ब्रशनं तीन दिवस साफ करत होतो. त्या दिवशी एक मोटार जरी वर असताना अडकली असती तर खाली काय झालं असतं हा विचार मला तेव्हा आला नाही, वर्गात आला.

आता उडवण्याचा भाग, ज्याच्यासाठी खरं पैसे द्यायचे. आधी सिम्युलेटर, टीव्हीवर गेम खेळल्यासारखं, हातात खरा रिमोट. मला वाटलं मी इथं सगळ्यांना शिकवणार. मैदानावर त्यांनी जो ड्रोन दिला तो घडी होणारा नाही, तीनचार किलोचं धूड, आणि सरांनी पहिली गोष्ट काय केली तर जीपीएसचा मोड बंद केला. आपला कॅमेरा ड्रोन आपण बोटं उचलली की जागेवर उभा राहतो, कारण तो स्वतः सांभाळत असतो, आपण नाही. जीपीएस गेलं की तो वाऱ्याबरोबर पाण्यातल्या पानासारखा वाहत जातो. बोटं सोडली आणि तो निघाला शेजारच्या ज्वारीकडं. त्यात तोंड माझ्याकडं होतं, म्हणजे डावं उजवं उलटं, मी डावीकडं ओढायला गेलो तो अजून उजवीकडं. सरांच्या हातात दुसरा रिमोट असतो, त्यांनी कंट्रोल घेतला, ड्रोन परत जागेवर आणला, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणले, "किती वर्षं उडवताय म्हणलात?"

खटावच्या ताई उडवायच्या दुसऱ्याच दिवशी आठचा आकडा काढत होत्या, सरळ, एकाच उंचीवर. त्यांनी आयुष्यात ड्रोन हातात धरला नव्हता म्हणून त्यांना कुठली खोडच नव्हती. मला चार वर्षांची खोड. माझा अंगठा स्टिकवर नुसता ठेवलेला असतो आणि दोन बोटात धरायची असते, ते सोडवायला मला तीन दिवस लागले. चौकोन, गोल, आठ, तोंड आपल्याकडं ठेवून जागेवर उभा करणं, एवढंच पुन्हा पुन्हा. शेवटच्या दिवशी लेखी आणि उडवायची परीक्षा. पास झालो, पण आठच्या दुसऱ्या गोलात जरा वरखाली झालं ते मला माहितीय आणि सरांना पण माहितीय.

तिथलं जेवण बरं होतं, तीन दिवस सलग वांगं सोडलं तर. गाद्या पातळ. असो.

तक्रार एक, छोटी. सर्टिफिकेट लगेच मिळेल म्हणले होते, सव्वा महिना लागला. सरकारी फी १०० रुपये आहे, ऑनलाइन होतं सगळं, पण संस्थेनं त्यांच्या बाजूनं कागद पुढं सरकवायचे असतात आणि तिथंच घोडं अडलं. रोज फोन, रोज "सर प्रोसेसमध्ये आहे". मिळालं की दहा वर्षं बघायला नको, तेवढं चांगलं.

तक्रार दोन, कॅमेरा शून्य. एक तास पण नाही. जाहिरातीत एरियल सिनेमॅटोग्राफी असं लिहिलं होतं, तिथं गेल्यावर कळलं की ती अडीच दिवसांची वेगळी बॅच आहे आणि वेगळी फी. शटर स्पीड, एनडी फिल्टर, दुपारच्या उन्हात पंख्याची सावली लेन्सवर पडून पट्टे कसे येतात, यातलं काही नाही. ते मला येतं म्हणून फरक पडला नाही, पण एखादं नवीन पोरगं ड्रोन कॅमेरामन व्हायला जाईल तर फसेल.

तक्रार तीन, आणि खरी हीच. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सरांना विचारलं की सर्टिफिकेट आलं की माझा ड्रोन मी कामाला लावू शकतो ना. सरांनी विचारलं कुठला. सांगितला, सहाशे ग्रॅमच्या आसपासचा, घडीचा, परदेशी, जो आपल्यातल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाकडं आहे. सर म्हणले त्याला यूआयएन आहे का. नाही. त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट आहे का. मला कुठून माहीत. मग त्यांनी सांगितलं ते असं की मायक्रोपासून पुढं ड्रोनच्या मॉडेलला सरकारचं टाइप सर्टिफिकेट म्हणजे त्या मॉडेलची मान्यता पाहिजे, त्याच्या जोरावर यूआयएन नंबर मिळतो. आणि ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायलाच बंदी आहे, फक्त संशोधन, लष्कर, सुरक्षा यांना सूट, सुटे भाग आणता येतात. म्हणजे त्यानंतर बाजारात जे नवं कोरं मिळतंय ते कुठून येतंय ते आपण समजून घ्यायचं. माझा दुसरा ड्रोन तसाच घेतलाय, बिलावर "कॅमेरा ॲक्सेसरी" लिहिलंय.

थोडक्यात लायसन्स मिळालं पण गाडीला नंबर प्लेट नाही आणि मिळणार पण नाही. ३८ हजार भरायच्या आधी मी फोनवर सांगितलं होतं की माझं काम लग्नाचं आहे, ड्रोन हा आहे. फोनवरच्या पोरीनं एका शब्दानं सांगितलं नाही. सर स्वतः चांगला माणूस, त्यांनी लपवलं नाही, पण ते तिसऱ्या दिवशी कळून काय उपयोग, वरातीमागून घोडं.

मग लग्नवाल्यानं करायचं काय. मी सध्या २५० ग्रॅमच्या आतला वापरतो. डीजेआयचा मिनी ४ प्रो २४९ ग्रॅम भरतो, नॅनोत बसतो, म्हणजे पायलट सर्टिफिकेट नको, टाइप सर्टिफिकेट नको, थर्ड पार्टी इन्शुरन्सची सक्ती नाही. आयातबंदीचा प्रश्न त्याला पण आहेच, तो सुटत नाही. आणि एक गंमत सांगतो, त्याची मोठी बॅटरी मिळते प्लस नावाची, साध्या बॅटरीचा कंपनीचा आकडा ३४ मिनिटं आणि प्लसचा ४५, म्हणून सगळे तीच मागतात. ती घातली की वजन २५० च्या वर जातं. म्हणजे बॅटरी बदलली आणि तुम्ही नॅनोतून मायक्रोत गेलात, लग्नाच्या मधेच. मी सोनाराकडच्या काट्यावर नेऊन बघितलं, सोनार म्हणला घडणावळ किती धरू.

नॅनोचा तोटा वारा. लग्नाच्या लॉनवर ठीक, पठारावर रडतो. आणि घारी. उंब्रजला कृष्णेच्या काठाला घारी लय आहेत, छोट्या ड्रोनला त्या पाखरू समजतात. घार वरून येते, म्हणून ती दिसली की सरळ वर चढवायचा, घारीला सरळ वर पटकन चढता येत नाही. हे मला कोर्समध्ये नाही तर एका शर्यतीवाल्या पोरानं शिकवलं.

मग सर्टिफिकेटचा उपयोग काय झाला, ते सांगतो. एक म्हणजे पोलीस. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात गावागावात रात्रीचे ड्रोन फिरतायत, चोर टेहळणी करतायत अशी भीती पसरली होती, लोकं रात्र रात्र जागत होती. तेव्हापासून आमच्याकडं पण ड्रोनचा आवाज आला की चार पोरं गोळा होतात. मागच्या महिन्यात कोरेगाव तालुक्यात हळदीला उडवला तर सरपंचांचे चुलते आले, कोण तुम्ही, कुणाला विचारून. आता मी आदल्या दिवशी पोलीस स्टेशनला साधं पत्र देतो, कुठं, किती वाजता, कोणाचं लग्न, आणि सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडतो. पोचची सही घेतो. त्या दिवशी खिशातून ती पोच काढली, तात्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणले, "मग जेवून जावा."

दोन म्हणजे मी आता कामं सोडतो. उजळाईवाडीजवळच्या लॉनचं काम आलं, ड्रोनसहित २६ हजार, मी म्हणलं ड्रोन नाही उडणार, साधं शूट करतो १९ ला. पार्टी चिडली, दुसरा कोणीतरी गेला आणि उडवून आला, काय झालं नाही त्याला. मला वाईट वाटलं का, हो वाटलं, सात हजार आहेत शेवटी. पण त्यांनी रिसेप्शनचा व्हिडिओ टाकलाय त्यात ड्रोनच्या शॉटच्या मागं विमान उतरताना दिसतंय आणि लोकं खाली कमेंटमध्ये बदाम टाकतायत. मी तो तीनदा बघितला.

तीन म्हणजे सवयी. उडवायच्या आधी आजूबाजूला सगळ्यात उंच काय आहे ते बघून परत येण्याची उंची लावतो, रोज, प्रत्येक जागेला. बॅटरी ३० टक्क्याला खाली, नवरदेवाचा मामा कितीही म्हणू दे "अजून एक राउंड मारा की". पंखे प्रत्येक कामाच्या आधी नखानं तपासतो, काठाला बारीक चीर असली की फेकून देतो, दीडशे रुपयाचा पंखा वाचवून साठ हजार पाडण्यात अर्थ नाही. आणि महिन्यातून दोनदा सकाळी शाळेच्या मैदानावर आठचा आकडा काढतो. लोकं बघून हसतात.

पाचपैकी साडेतीन देईन. शिकवणारे सर पाच, हवामानाचा तास पाच, ऑफिस एक, जाहिरात शून्य. तुम्ही फवारणीला जाणार असाल, सर्व्हेला जाणार असाल तर डोळे झाकून जा, तिथं ड्रोन नंबरवाले मिळतात आणि पैसे वसूल होतात. तासगावच्या भावांनी सर्टिफिकेट आल्याबरोबर बुकिंग घ्यायला सुरुवात केली. तुम्ही फक्त लग्न करता आणि २५० ग्रॅमच्या आत राहणार आहात, तर कायद्यानं तुम्हाला गरज नाही, हातासाठी जायचं असेल तर जा. आणि मायक्रो घेऊन धंदा करता तर फी भरायच्या आधी फोनवर एवढंच विचारा, माझ्या या मॉडेलला यूआयएन मिळेल का. उत्तर द्यायला जो "सर तुम्ही एकदा व्हिजिट करा" म्हणेल त्याला नमस्कार करा.

त्या रस्त्याच्या ठेकेदाराचं राहिलं. सर्टिफिकेट आल्यावर मी ते परत मेल केलं, खाली लिहिलं की पायलट आहे पण ड्रोनला नंबर नाही. मला वाटलं संपलं. आठ दिवसांनी सुपरवायझरचा फोन, म्हणले आमच्या सर्व्हे कंपनीकडं नंबरवाला ड्रोन आहे, त्यांचा पायलट सोडून गेला, तुम्ही उडवता का, दिवसाला साडेतीन हजार. गेलो. देशी बनावटीचा, दिसायला ओबडधोबड, कॅमेरा माझ्यापेक्षा साधा, बाजूला लांबलचक नंबरचा स्टिकर चिकटवलेला. मी पहिला त्या स्टिकरचा फोटो काढला. आता महिन्यातून दोन दिवस तिकडं असतो. त्यांचा ड्रोन, त्यांचा इन्शुरन्स, माझा हात. माझा सहाशे ग्रॅमवाला कपाटात आहे, बॅटऱ्या ३.८ वर ठेवल्यात, तुळशीचं लग्न झालं की परत लोकं विचारायला लागतील, तेव्हा बघू.